सॅटर्न : गेलेल्या कंपनीची राहिलेली गाडी

कोलंबस, ओहायो
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तळेगावच्या कारखान्यात तयार झालेली तुझी शेवरोले बीट विकावी की ठेवावी, असे तू विचारले आहेस, आणि जाता जाता ‘तू स्वतः चौदा वर्षांपूर्वी गाशा गुंडाळलेल्या कंपनीची गाडी कशाला सांभाळून बसला आहेस,’ असा टोमणाही मारला आहेस. बीटबद्दल शेवटी लिहितो. टोमण्याचे उत्तर मात्र लांब आहे आणि ते फोनवर सांगण्यासारखे नसल्यामुळे हे पत्र लिहायला बसलो आहे.

माझी गाडी १९९३ सालची सॅटर्न एसएल-वन आहे, हे तुला माहीत आहेच. सॅटर्न म्हणजे शनी. आपल्याकडे कोणी गाडीचे नाव ‘शनी’ ठेवील, ही कल्पनाही करवत नाही. पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाईक तेल आणि रुईची पाने घेऊन शोरूममध्ये उभे राहील. अमेरिकेतल्या लोकांच्या मनात ग्रह नव्हता, तर अपोलो यानांना चंद्राकडे नेणारे सॅटर्न हे रॉकेट होते. रशियाला अंतराळात मागे टाकणाऱ्या रॉकेटचे नाव जपानला रस्त्यावर मागे टाकू पाहणाऱ्या गाडीला दिले, असा तो हिशेब होता.

हा हिशेब करण्याची वेळ ही गाडी काढणाऱ्या जनरल मोटर्सवर का आली, हे तुला सांगायला नको. तेलाच्या टंचाईनंतर लोक लहान गाड्या मागू लागले आणि त्या बाबतीत होंडा व टोयोटा यांच्यापुढे डेट्रॉइटच्या, म्हणजे अमेरिकी, मोटार कंपन्यांचा टिकाव लागेना. तेव्हा अध्यक्ष असलेल्या रॉजर स्मिथ यांनी ७ जानेवारी १९८५ रोजी सॅटर्न कॉर्पोरेशन या नव्या उपकंपनीची घोषणा केली. शेवरोले, पॉन्टिॲक, ओल्ड्समोबिल अशी घरातली थोरली मंडळी असताना धाकट्याला वेगळी चूल मांडून दिली, असे समज. त्याआधी व्यवस्थापन आणि कामगार संघटना यांच्या मिळून ९९ जणांनी ठिकठिकाणचे कारखाने पाहून नवी कंपनी कशी चालावी याचा आराखडा केला होता. संप आणि टाळेबंदी यांच्या इतिहासात वाढलेले दोन पक्ष एका टेबलाशी बसून कोऱ्या कागदावर कंपनी मांडत होते, ही मला त्या सबंध प्रकरणातली सर्वांत धाडसाची गोष्ट वाटते. गाडी त्यामानाने साधीच निघाली.

कारखाना डेट्रॉइटपासून दूर, टेनेसी राज्यात नॅशव्हिलच्या दक्षिणेला स्प्रिंग हिल नावाच्या गावाबाहेर कुरणांच्या जमिनीवर उभा राहिला. गाव तेव्हा हजार-दीड हजार वस्तीचे होते. कामगार मात्र जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांतून आले. त्यांपैकी कित्येकांचा मूळ कारखाना बंद पडला होता किंवा पडण्याच्या बेतात होता. येथील करार इतर कारखान्यांच्या जाडजूड करारासारखा नव्हता, एक लहानशी पुस्तिका होती. कामगारांची छोटी पथके स्वतःच्या कामाचे नियोजन करीत, पथकात कोणाला घ्यायचे ते ठरवीत, आणि पगाराचा काही भाग प्रशिक्षण, दर्जा आणि उत्पादन यांच्यावर अवलंबून असे. ३० जुलै १९९० रोजी पहिली गाडी बाहेर आली तेव्हा तीत रॉजर स्मिथ आणि कामगार संघटनेचे अध्यक्ष ओवेन बीबर शेजारी शेजारी बसले होते. स्मिथ त्यानंतर लगेच निवृत्त झाले. धाकट्याचा पाठीराखा बापच घरातून गेला, आणि पुढे जे झाले त्याची निम्मी कथा मला या एका गोष्टीत दिसते.

आता गाडीविषयी. पोलादी सांगाडा, आणि त्याच्यावर बोल्टने बसवलेली दारांची व मडगार्डांची प्लॅस्टिकची आवरणे. बॉनेट, छप्पर आणि डिकीचे झाकण तेवढे पत्र्याचे. इंजिन १.९ लिटरचे. ॲल्युमिनियमचा ब्लॉक ओतण्यासाठी आधी फोमचा नमुना करून तो वाळूत पुरायचा आणि वितळलेला धातू ओतला की फोम जळून त्याची जागा धातू घेतो, ही पद्धत त्यांनी मोठ्या प्रमाणावर वापरली. आपल्या फाउंड्रीच्या प्रॅक्टिकलला हे दाखवले असते तर तू वर्गात झोपला नसतास. प्लॅस्टिक उन्हात फुगते म्हणून दोन आवरणांमधली फट मुद्दाम रुंद ठेवावी लागे, आणि ती पाहून जपानी गाड्यांची सवय असलेले लोक नाक मुरडत. इंजिनाचा आवाजही जरा जास्तच. थोडक्यात सांगायचे तर ही गाडी होंडाची सिव्हिक किंवा टोयोटाची कोरोला यांच्या बरोबरीची कधीच नव्हती, आणि मी एकतीस वर्षे जुन्या सॅटर्नचा मालक असूनही हे मान्य करतो.

मग लोकांनी तिच्यावर एवढा जीव का लावला? याचे उत्तर कारखान्यात नसून दुकानात आहे. अमेरिकेत नवी गाडी घेणे म्हणजे अर्धा दिवस चालणारी घासाघीस असते. विक्रेता ‘साहेबांना विचारून येतो’ म्हणून आतल्या खोलीत जातो, परत येतो, पुन्हा जातो, आणि शेवटी आपण फसलो की नाही हे न कळता माणूस घरी येतो. सॅटर्नने ही पद्धतच मोडून काढली. लक्ष्मी रोडवरच्या जुन्या दुकानांत ‘एकच भाव’ अशी पाटी असायची, तसा येथे एकच भाव असे आणि तो गाडीच्या काचेवर लिहिलेला असे. सुरुवातीला सर्वांत स्वस्त मॉडेलची किंमत ७,९९५ डॉलर होती. ती मंत्र्याला आणि मास्तरालाही तेवढीच. गाडी ताब्यात देताना दुकानातले सगळे लोक हातातले काम टाकून जमत, टाळ्या वाजवीत आणि नव्या मालकाचा गाडीजवळ उभा करून फोटो काढीत. हा प्रकार ऐकताना थोडा बालिश वाटतो, मलाही वाटला होता.

पण मी तो फोटो पाहिला आहे. २००३ साली मी माझी गाडी एका निवृत्त शिक्षिकेकडून विकत घेतली. जाहिरातीत लिहिलेल्या रकमेतून थोडे कमी करून मागावे, असे मी ठरवून गेलो होतो. बाईंनी चावीबरोबर एक पोलरॉइड फोटो टेबलावर ठेवला. त्यात त्या दहा वर्षांनी तरुण होत्या, मागे पाच-सहा माणसे हात उंचावून उभी होती आणि गाडीच्या टपावर मोठा लाल फितीचा फुलोरा होता. ‘मी ही गाडी भाव न करता घेतली आणि भाव न करता विकणार आहे,’ असे त्या म्हणाल्या. माझी घासाघीस तेथेच संपली. गाडीत बसून दार लावले तेव्हा खांद्यावरचा पट्टा खिडकीच्या वरच्या रुळावरून घरघर करत आपोआप मागे सरकला आणि मी दचकलो. त्या काळातल्या गाड्यांत अशी सोय असे. तुझी वहिनी पहिल्यांदा बसली तेव्हा ती ओरडलीच होती.

त्याच शिक्षिका १९९४ च्या जूनमध्ये स्प्रिंग हिलला गेल्या होत्या. कंपनीने सर्व मालकांना माहेरपणाला बोलवावे तसे कारखान्यावर बोलावले आणि सुमारे ४४,००० माणसे आपापल्या गाड्या चालवत तेथे पोहोचली. आपली गाडी ज्यांनी जोडली ती माणसे आपल्याला कारखाना हिंडून दाखवतात, ही गोष्ट त्यांनी मला नऊ वर्षांनंतरही तपशिलाने सांगितली. गाडीच्या मायलेजबद्दल मात्र त्यांना काहीच सांगता आले नाही. १९९९ साली असा मेळावा पुन्हा एकदा झाला.

अडचणी आल्याच नाहीत असे नाही, पण त्या निस्तरण्याची रीत निराळी होती. १९९१ साली पुरवठादाराकडून आलेल्या सदोष कूलंटमुळे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवामुळे, काही गाड्यांची इंजिने खराब होण्याचा धोका निर्माण झाला. कंपनीने दुरुस्तीच्या भानगडीत न पडता १,८३६ गाड्या परत घेऊन मालकांना त्यांच्या बदल्यात नव्या गाड्या दिल्या. पुढे या इंजिनांपैकी बरीच तेल पितात, हेही जुन्या मालकांमध्ये सर्वश्रुत झाले, आणि म्हणूनच प्रत्येक दुसऱ्या वेळी पेट्रोल भरताना इंजिनातल्या तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक बाहेर काढून फडक्याने पुसून पाहण्याची शिस्त त्या शिक्षिकांनी मला लावून दिली. ती मी अजून पाळतो.

आता घोड्याने कुठे पेंड खाल्ली ते ऐक. १९९४ साली सॅटर्नच्या सुमारे २ लाख ८६ हजार गाड्या विकल्या गेल्या आणि तो तिचा उच्चांक ठरला. ज्या कुटुंबांनी लहान गाडी घेतली होती त्यांना मुले झाली, मोठी गाडी हवी झाली, आणि सॅटर्नच्या दुकानात मोठी गाडीच नव्हती. जनरल मोटर्सने हात आखडता घेतला होता. थोरल्या भावंडांची तक्रार अशी की एवढे अब्जावधी डॉलर या धाकट्याने खाल्ले, आता आमच्याकडे बघा. आणि कामगार संघटनेच्या वरच्या नेत्यांनाही स्प्रिंग हिलचा वेगळा करार डोळ्यांत खुपत होता. दुसरी, मोठी गाडी दुकानात येईपर्यंत २००० हे मॉडेल वर्ष उजाडले. ती एल मालिका ओपेल या जनरल मोटर्सच्या तेव्हाच्या युरोपीय कंपनीच्या आराखड्यावर बेतलेली होती आणि स्प्रिंग हिलला नव्हे तर डेलावेअर राज्यात तयार होत होती. २००२ च्या व्ह्यू गाडीला प्लॅस्टिकची आवरणे होती, पण त्यानंतर हळूहळू तीही गेली. २००४ मध्ये स्प्रिंग हिलचा खास करार संपून तेथे सर्वांसारखाच करार लागू झाला. २००७ च्या सॅटर्न ऑरा या गाडीला उत्तर अमेरिकेतल्या त्या वर्षीच्या सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला, पण तिच्यात सॅटर्नचे म्हणावे असे नावाशिवाय फार थोडे उरले होते. त्याच वर्षी स्प्रिंग हिलमध्ये सॅटर्न बनणेही थांबले.

माझ्या मते सॅटर्न मेली ती येथे; बाकीचे सगळे दिवसकार्य होते. जून २००९ मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि मोटार शर्यतींमुळे प्रसिद्ध असलेले उद्योगपती रॉजर पेन्स्की सॅटर्न विकत घ्यायला पुढे आले. दुसऱ्या कोणाकडून गाड्या बनवून घेऊन त्या या विक्रेत्यांमार्फत विकायच्या, अशी त्यांची योजना होती. म्हणजे विकत घेण्याजोगे त्यांना जे दिसले ते दुकानातले वागणे होते, यंत्रसामग्री नव्हे! गाड्या पुरवण्याची बोलणी फिसकटली आणि ३० सप्टेंबर २००९ रोजी पेन्स्कींनी माघार घेतली. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत उरलीसुरली दुकानेही बंद झाली.

आमच्या गावच्या दुकानाच्या जागी आता गाद्या विकतात. इंजिनाचे सुटे भाग अजून मिळतात. आवरणांसाठी मात्र भंगारात जावे लागते. चार वर्षांपूर्वी जानेवारीत उणे अठरा तापमानात गाडी मागे घेताना मी स्वतःच्या चुकीने शेजाऱ्याच्या खांबाला मडगार्ड घासले आणि ते बशीसारखे तडकले. मग भंगाराच्या आवारात, बर्फात गुडघे टेकून, दहाच्या पान्याने एका मेलेल्या सॅटर्नचे मडगार्ड उतरवले. बोल्ट गंजलेले, बोटे बधिर, आणि शेजारच्याच रांगेत एक म्हातारा दुसऱ्या सॅटर्नचे दार उतरवत होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि न विचारता आपल्या डब्यातल्या दोन प्लॅस्टिकच्या क्लिपा माझ्या हातावर ठेवल्या. त्यांचे पैसे त्याने घेतले नाहीत. माझी गाडी हिरवी आहे आणि ते मडगार्ड निळे आहे. रंग द्यायचा राहूनच गेला आहे.

तुझ्या बीटबद्दल आता. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणे थांबवले आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही थांबले. तो कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. इकडे स्प्रिंग हिलमध्ये २०२२ पासून जनरल मोटर्सच्याच कॅडिलॅकची विजेवर चालणारी लिरिक बनते. तेव्हा कंपनीच्या भरवशावर ठेवायची असेल तर विकून टाक. पण तुला गाडी चालवायला आवडत असेल, भाग अजून मिळत असतील आणि हाताशी समजूतदार मेकॅनिक असेल, तर ठेव. मात्र क्लच, ब्रेक आणि सस्पेन्शन यांचे नेहमी लागणारे भाग आत्ताच घेऊन माळ्यावर टाक, आणि पुढचा-मागचा बंपर कोणी भंगारात काढत असेल तर तोही सोडू नकोस. विकलीस तर किती आले ते कळव, आणि भाव केलास की नाही तेही.

वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझा,
कोलंबसवासी मित्र