कुत्र्यांच्या प्लीहा-शस्त्रक्रियेसाठी रक्तदाते कुत्रे आणि साहित्य हवे आहे

प्लीहेवरची (पानथरीवरची) गाठ पोटात फुटली की कुत्रा अचानक कोसळतो, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात, पोट ताठरते. अशा वेळी प्लीहा काढून टाकणे हाच मार्ग, पण हाताशी रक्त नसेल तर भूल द्यायचीही धास्ती वाटते. म्हणून आमच्या पशुरुग्णालयाची पहिली मागणी आहे रक्तदात्या कुत्र्यांची.

वय १ ते ८ वर्षे, वजन २५ किलोपेक्षा जास्त, लसीकरण पूर्ण, स्वभाव शांत आणि स्वतःला कधीही रक्त चढवलेले नाही, असा कुत्रा हवा. गाभण मादी नको. एका वेळी मानेच्या शिरेतून ४५० मिली रक्त घेतले जाते. वजनाची अट त्यासाठीच आहे. त्याआधी डीईए १.१ हा रक्तगट, हिमोग्लोबिन आणि गोचिडांतून पसरणारे बबेसिया व एर्लिकिया हे रोगजंतू आम्ही तपासतो.

दुसरी मागणी साहित्याची. प्लीहेच्या खाचेतली एकेक रक्तवाहिनी सुटी करून दुहेरी बांधावी लागते. धाग्याची एकही गाठ निसटली तर पोट पुन्हा रक्ताने भरते. त्यामुळे २-० आणि ३-० जाडीचा पॉलिडायॉक्सॅनोन धागा (शरीरात हळूहळू विरघळणारा) भरपूर लागतो. कृपया सीलबंद आणि मुदतीतलाच द्या. प्लीहेची धमनी मुळाशी सरसकट बांधून चालत नाही, तिच्याच फांद्या स्वादुपिंडाच्या डाव्या भागाला रक्त पुरवतात. ७ मिमीपर्यंतच्या रक्तवाहिन्या बंद करणारे सीलर यंत्र मिळाले तर भुलेखालचा वेळ बराच वाचेल. प्लीहेला पीळ पडलेला असेल, तर तो न सोडवता तसाच बांधून कापतात, कारण सोडवला की अडकलेली विषारी द्रव्ये एकदम रक्तात उतरतात. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दोन दिवस हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, म्हणून एक ईसीजी मॉनिटरही हवा आहे. क्ष-किरणात दिसणारे गॉजही चालतील.

देणगी द्यायची असेल तर ती बायोप्सीसाठी द्या, असे आम्ही आवर्जून सांगू. कर्करोग की साधी रक्तगाठ, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, आणि केवळ संशयावरून मालक टेबलावरच कुत्र्याला कायमचे झोपवायला सांगतात. रक्तगाठच निघाली तर तो कुत्रा प्लीहेशिवाय आयुष्यभर व्यवस्थित जगतो.

रक्तदानाला येताना लसीकरणाचे पुस्तक आणा. आधीचे आठ तास कुत्र्याला खायला देऊ नका, पाणी चालेल.