धाकट्याला, क्लिनिक उघडण्याआधी

शिकागो,
आगमनकाळाचा दुसरा आठवडा

प्रिय धाकट्या,

जय येशू.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. दातांच्या क्लिनिकला गाळा मिळाला, भाडं परवडण्यासारखं आहे, पप्पांनी बोर्डावरचं नावसुद्धा ठरवून टाकलंय. झकास. पण मध्येच हसत हसत तू विचारलंस, "ताई, तुमचं म्हणे कॅथलिक क्लिनिक आहे, म्हणजे काय अल्तार-बिल्तार मांडलाय का?" त्याचं उत्तर फोनवर जमायचं नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

अल्तार नाही. रिसेप्शनच्या मागे साधा लाकडी क्रूस आहे आणि आतल्या खोलीत संत अपोलोनियाचं चित्र. ती आपल्या धंद्याची आश्रयदाती, ९ फेब्रुवारीला तिचा सण. सन २४९ मध्ये अलेक्झांड्रियात जमावाने तिचे दात फोडले, श्रद्धा सोड नाहीतर जाळतो म्हणाले, तेव्हा तिने स्वतःच आगीत उडी घेतली. चित्रात तिच्या हातात चिमटा आणि चिमट्यात दाढ आहे. आधी ते वेटिंग रूममध्ये होतं. लहान मुलं चिमटा बघून आईच्या मागे दडायला लागली, म्हणून आत हलवलं.

सकाळी दार उघडण्याआधी छोटी प्रार्थना होते, ज्याला यायचं तो येतो. नोकरीला घेताना धर्म बघणं इथे कायद्यात बसत नाही, आणि ते योग्यच आहे. आमची असिस्टंट हैदराबादची मुसलमान मुलगी आहे. आम्ही प्रार्थना करतो तेव्हा ती सगळ्यांची कॉफी लावते आणि रमजानात तिच्या सुटण्याच्या वेळा आम्ही सांभाळतो. पेशंटबरोबर प्रार्थना करायची ती त्याने मागितली तरच. आमचे सीनियर, ज्यांच्याकडून मी अर्धी भागीदारी घेतली ते आयरिश वंशाचे म्हातारे डॉक्टर, म्हणतात की आडवा पडलेला, तोंडात आपले हात असलेला माणूस "नको" म्हणू शकत नाही, तेव्हा आपण होऊन विषय काढायचा नाही. हां, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी चर्चमध्ये कपाळाला लावलेली राख मात्र लपत नाही. लुप्सच्या, म्हणजे डोळ्यांवरच्या भिंगांच्या, पट्टीखालून ती अर्धी पुसते आणि दिवसभर कोणी ना कोणी सांगत राहतं, डॉक्टर, तुमच्या कपाळाला काहीतरी लागलंय.

हे झालं दिसायचं. आता खरं ते ऐक.

तू म्हणालास, दातांच्या डॉक्टरला कसले आलेत धर्मसंकटाचे प्रश्न, ते गायनॅकवाल्यांना. मलाही तसंच वाटायचं. ऑक्टोबरात संत लूकच्या सणाच्या सुमारास इथे डॉक्टर-नर्सेससाठी खास मिस्सा असते, 'व्हाइट मास' म्हणतात. मी ऐकलेलं प्रवचन दर वेळी जन्म आणि मरण यांच्यावर असतं. एक्स-रेत दिसणाऱ्या दोन दाढांच्या मधल्या सावलीवर फादर काय बोलणार? पण आपली सातवी आज्ञा, चोरी करू नको, त्या सावलीतच रोज तपासली जाते.

परवाचीच गोष्ट. एक मेक्सिकन आई, गळ्यात ग्वादालुपेच्या मातेचं पदक, शाळकरी मुलाला घेऊन आली. दुसऱ्या एका क्लिनिकने त्याला सहा दात भरायला सांगितले होते, छापील एस्टिमेट तिच्या पर्समध्ये घडी घातलेलं. आम्ही नवीन बाइटविंग, म्हणजे दाढांच्या मधलं दाखवणारे एक्स-रे, काढले. दोन ठिकाणी कीड दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, ओलांडून आतल्या डेंटिनमध्ये गेलेली, त्यात वाद नाही. उरलेल्या चार ठिकाणी सावली इनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्या भागातच. तू आत्ताच शिकून बाहेर पडलायस, तुला माहीत आहे की वर खड्डा पडला नसेल तर अशी सुरुवातीची कीड फ्लोराइडने, फ्लॉसने, शीतपेयं कमी केल्याने थांबते, कधीकधी मागेही फिरते. तिथे बर, म्हणजे दात कोरायचं टोक, घातलास की गेलेलं इनॅमल आयुष्यात परत येत नाही. मग आज छोटं फिलिंग, काही वर्षांनी ते निघालं की मोठं, मग कॅप, मग कॅपखाली रूट कॅनाल. मुलगा पन्नाशीला पोचेपर्यंत त्या एका दातावर चार डॉक्टर जेवून जातात.

दोन दात भरायचे ठरवले, चारांवर फ्लोराइडचं वॉर्निश लावलं, सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू म्हटलं. आईचा चेहरा बघण्यासारखा होता. तिला वाटलं आम्हाला जमत नाहीये! "मग त्या चार दातांचं तुम्ही काहीच करणार नाही?" सीनियरनी स्क्रीन तिच्याकडे वळवली, सावली कुठे संपते ते पेन्सिलच्या टोकाने दाखवलं, आणि अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासाचं बिल कोणत्याही विमा कंपनीला पाठवता येत नाही. चार फिलिंगचं मात्र आरामात पाठवता आलं असतं, आणि कोणी बोट ठेवलं नसतं, कारण सावली तर आहेच! गोम इथे आहे. उघड खोटं बोलायची वेळ आपल्यावर क्वचितच येते. येते ती "दोन्ही बाजूंनी म्हणता येईल" अशी वेळ, आणि कर्जाचा हप्ता जवळ आला की आपला हात आपोआप बरकडे वळतो.

म्हणून सीनियरांचं म्हणणं मला पटलं की चांगुलपणा मनावर सोडायचा नाही, तो व्यवस्थेत बांधून टाकायचा. सकाळी नऊचं मन आणि संध्याकाळी पाचचं मन एक नसतं.

पगाराचंच घे. इथे नव्या डेंटिस्टला बहुतेक ठिकाणी त्याच्या कामाच्या रकमेवर टक्केवारी मिळते, साधारण ३० टक्क्यांच्या आसपास. रोज सकाळी मीटिंगमध्ये आज किती 'प्रोडक्शन' करायचं त्याचा आकडा फळ्यावर असतो. मी शिकून बाहेर पडल्यावर अशाच एका ठिकाणी होते. तिथले लोक वाईट नव्हते, पण आकड्याला डोळे फुटतात. आमच्याकडे पगार ठरलेला, कॅप केली काय, नाही केली काय. त्यापायी एक हुशार पोरगा आम्हाला सोडून गेला, त्याच्या डोक्यावर कॉलेजचं कर्ज होतं, मी त्याला दोष देत नाही. दुसरं म्हणजे कॅपचा निर्णय एकट्याने घ्यायचा नाही. फोटो दुसऱ्या डॉक्टरने बघायचा. सीनियरांचे फोटो मी बघते आणि कधीकधी "थांबू या" असंही लिहिते. त्यावर ते कुरकुरतात, पण थांबतात.

पैशाचं बोलणं खुर्ची सरळ करून, मास्क काढून, समोरासमोर बसून. सुन्न जबड्याच्या माणसापुढे कागद सरकवायचा नाही. इथे उपचारांसाठी वेगळं क्रेडिट कार्ड मिळतं, रिसेप्शनवरच काढून देतात. ठरलेल्या मुदतीत सगळं फेडलं तर व्याज नाही, थोडं जरी राहिलं तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज अंगावर येतं. ते आम्ही ठेवत नाही. त्याऐवजी आमचे स्वतःचे बिनव्याजी हप्ते, लेखी. काही बुडतात. ते आम्ही धरूनच चालतो.

आता गंमत ऐक. मला वाटायचं, गरीब पेशंट आला की त्याचा हिस्सा सोडून द्यायचा, झालं. तर नाही! समज फिलिंगचे १०० डॉलर, विमा ८० देणार, पेशंट २०. ते २० मी नेहमी गुपचूप सोडत गेले तर विमा कंपनीला मी खोटी किंमत सांगितली असं होतं, कारण माझी खरी फी ८०च ठरते. इथल्या डेंटल असोसिएशनच्या आचारसंहितेत याला चक्क जादा बिल लावणं म्हटलंय, आणि कायद्याच्या कचाट्यातही सापडता येतं. दया करायलासुद्धा कागदपत्र लागतं बाबा या देशात! पण विचार केल्यावर मला ते बरोबर वाटलं. ज्याला चार गोड शब्द बोलता येतात त्याला सूट आणि जो लाजतो त्याला नाही, असंच आपलं होत असतं. म्हणून विमा नसलेल्यांसाठी उत्पन्नानुसार वेगळा दर भिंतीवर लावलाय, सगळ्यांना सारखा.

मेडिकेडचे पेशंट, म्हणजे सरकारी विम्यावरचे गरीब लोक, पुष्कळ डेंटिस्ट घेतच नाहीत, कारण सरकारचे दर फार कमी. मुलांचे दात त्यात प्रत्येक राज्याला द्यावेच लागतात, मोठ्यांचं राज्यागणिक वेगळं. आणि पासष्टीनंतरचं मेडिकेअर तर साध्या दातांच्या कामाला आणि कवळीला हातच लावत नाही, हे ऐकून पप्पांना धक्का बसेल. मेडिकेडवाल्यांसाठी रोज ठराविक जागा राखून ठेवतो, त्याही शाळा सुटल्यानंतरच्या, ज्या सगळ्यांनाच हव्या असतात. दुपारच्या रिकाम्या वेळा गरिबांना द्यायच्या आणि त्याला सेवा म्हणायचं, हे सीनियरांना खपत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी इथे देशभर मुलांचे दात फुकट बघायचा दिवस असतो. अपोलोनियाचा सण त्याच सुमारास येतो, म्हणून आम्ही त्या आठवड्यात आणखी एक दिवस घालतो आणि धर्मग्रामाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, हॉलमध्ये खुर्च्या नेतो.

डिसेंबर हा मात्र कसोटीचा महिना. विम्याची वर्षाची मर्यादा साधारण हजार ते दोन हजार डॉलर, ३१ तारखेला उरलेली बुडते. लोक स्वतःच येऊन म्हणतात, डॉक्टर, सहाशे शिल्लक आहेत, काहीतरी करून टाका. करण्यासारखं असेल तर करतो. नसेल तर दात साफ करून नाताळच्या शुभेच्छा देऊन पाठवतो. त्या वेळी मला कर्जाचा आकडा डोळ्यांपुढे दिसत नाही असं समजू नकोस.

लिओ चौदावे पोप झाले तेव्हा आमच्या वेटिंग रूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. ते वाढले ते डोल्टन इथून जवळच. त्यांनी नाव घेतलं ते तेराव्या लिओंवरून, १८९१ साली कामगारांच्या न्याय्य वेतनावर पत्रक काढणाऱ्या. सगळे बेसबॉलच्या कोणत्या टीमचे ते चाहते यावर भांडत होते, आणि आमची दात साफ करणारी हायजिनिस्ट, सातव्या महिन्यातली, मला हळूच म्हणाली, ते वेतनाचं वाचलं का? इथे केंद्राच्या कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा नाही. १९९३ च्या कायद्यातली बारा आठवडे बिनपगारी रजासुद्धा पन्नास माणसांखालच्या मालकाला लागू नाही, म्हणजे आम्हाला नाहीच. आम्ही हिशेब मांडला, दातांची मापं घ्यायचा नवा स्कॅनर पुढे ढकलला आणि तिला ते बारा आठवडे पगारी दिले. जुन्या पद्धतीने गुलाबी मसाला भरून मापं घेतोय अजून. पेशंटना उलटी येते, मला शिव्या पडतात, पण मापं ठीक येतात.

आता तुझ्याकडे वळते. तू म्हणालास ना, सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन काढणारा सेंटरवाला भेटून गेला, प्रत्येक स्कॅनमागे पाकीट देतो म्हणाला, आणि "वसईत सगळेच घेतात"? सगळे घेत नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे. नाही म्हणायचं तर आत्ताच म्हण, गाळ्याला रंग लागण्याआधी. एकदा ते पाकीट भाड्याच्या हिशेबात बसलं की मग काढता येत नाही. त्याला सांग, ते पैसे माझ्या पेशंटच्या बिलातून कमी कर. तो कबूल झाला तर उत्तम. आपल्याकडच्या दंतवैद्यांच्या आचारसंहितेतही कमिशन बसत नाही, पण ते निमित्त पुढे करू नकोस, सरळ सांग.

जुन्या सरांच्या क्लिनिकमध्ये संध्याकाळी जात जा, निदान कॅपचे फोटो दाखवायला. एकटं राहू नकोस. रविवार बंद ठेव, पप्पा काहीही म्हणोत. मिस्सेनंतर सगळं गाव तिथेच असतं म्हणून क्लिनिक उघडं ठेवायचं, हा त्यांचा हिशेब मला कळतो, पण रविवारी दाढ दुखली तर लोक घरी येतातच, त्यांना बघ. मदतीला मुलगी ठेवशील तिचा पगार आधी ठरव, खुर्चीचा रंग नंतर.

बोर्डावर संत अपोलोनियाचं नाव घालायला माझी हरकत नाही. फक्त पप्पांना सांग, चिमट्याचं चित्र मुलांना दिसेल असं लावू नका. मम्मीला म्हणावं, इथे येणारं कोणी असेल तर सुकेळी पाठव. दाताला चिकटतात हे मला सांगू नकोस.

हत्यारं निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह कोणता घेतोयस त्याचा फोटो पाठव, आणि सीबीसीटीवाल्याला काय सांगितलंस तेही कळव.

तुझी,
ताई