सूर्य झाकणाऱ्या बुवांना

ती. बुवा,
शि. सा. न. वि. वि.

पत्र असं चारचौघांत लिहितोय, रागावू नका. नव्या कादंबरीच्या ऋणनिर्देशात तुम्हाला दोन ओळींत उरकायला बसलो आणि जमेना.

तुमच्या कीर्तनातला जयद्रथवध पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वाईचा घाट, कृष्णाबाईचा उत्सव, नदीवरून येणारा गार वारा. पूर्वरंगभर, म्हणजे गोष्टीआधीचं निरूपण चालू असेतो, मी आजीच्या मांडीवर झोपलो. बुक्का लावून झाला, तुमच्या गळ्यात हार पडला, तशी आजीने मला गदागदा हलवलं. "ऊठ, आता गोष्ट आहे."

अभिमन्यू पडलेला. उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. कटाव, ते झपझप म्हणायचं लांबलचक पद्य, धावत धावत संपला, सूर्य दिसेनासा झाला, चिता रचली गेली, आणि गंमत बघायला जयद्रथ बाहेर आला. नेमके तिथे तुम्ही थांबलात. पेटीवाल्याला हातानेच गप्प केलंत. झांज खाली ठेवलीत, उपरण्याने सावकाश तोंड पुसलंत, पाण्याचा तांब्या मागितलात. मला केव्हाची लघवीला लागली होती, पण उठवेना. शेजारच्या आजीबाई फुलवाती वळत होत्या. त्यांची बोटं कापसातच थबकली. त्यांनी हे आख्यान वीस वेळा तरी ऐकलं असेल!

मग तुमचं बोट वर गेलं. "हा सूर्य..."

तीस वर्षांनी माझ्या दुसऱ्या कादंबरीचं बाड एका प्रकाशकाकडून परत आलं. सोबत चिठ्ठी: खुनी कोण ते शेवटपर्यंत कळत नाही, पण कळून घ्यावंसंही वाटत नाही. बँकेची नोकरी सांभाळून, दोन वर्षं पहाटे पाच ते सात बसून लिहिलेलं ते बाड घेऊन मी तुमच्या ओट्यावर आलो. तुम्ही आधी शेवटचं पान काढलंत. "हा होय खुनी? बरं. आता पहिल्यापासून वाचतो." इतका राग आला होता मला!

चौथ्या दिवशी म्हणालात, "अरे, जयद्रथ मरणार हे मी कधी लपवलंय? श्रोत्यांना ठाऊक असतं, म्हणून तर त्यांच्या पोटात गोळा येतो. ठाऊक नसतं ते फक्त त्या जयद्रथाला."

घरी जाऊन मी खुन्याचं नाव तिसऱ्या प्रकरणात उघड करून टाकलं. पुढचं सगळं नव्याने लिहावं लागलं, आठ महिने गेले. तीच कादंबरी लोकांनी वाचली.

एक मात्र कबूल करतो. मध्यंतरी तुमची जिरवायला आलो होतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1259 हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, 1966 साली ते काम पुरं झालं. तिच्यातलं द्रोणपर्व मी चाळलं, तर मुख्य पाठात कृष्ण सूर्य झाकतच नाही! सूर्य अस्ताला चाललाय, लवकर मस्तक उडव, एवढंच तो अर्जुनाला सांगतो. ते मस्तक जमिनीवर पाडणाऱ्याच्या डोक्याची शंभर शकलं होतील, म्हणून ते बापाच्याच मांडीवर टाकायचं, हा दुसरा पेच तिथे आहे. पण काळोख नाही. म्हणजे आपण उठता-बसता म्हणतो ते 'हा सूर्य आणि हा जयद्रथ' ज्या प्रसंगावर उभं आहे, तो मागाहून आलेला.

वाटलं, आता बुवा गप्प होतील. तुम्ही सुपारी कातरत हसलात. "कुणीतरी कीर्तनकारच असणार. समोर बायका वाती वळत बसल्या असतील, त्यांचा हात थांबेना म्हणून त्याने सूर्य झाकला."

तेव्हापासून लिहायच्या टेबलावर एका वाटीत थोडा कापूस ठेवलाय. बायको विचारते, हे काय? सांगायला लाज वाटते. पण एखादं प्रकरण नुसतंच पळायला लागलं की त्या वाटीकडे बघतो, आणि कुठे तांब्या मागवायचा ते शोधतो.

पुस्तकाची पहिली प्रत या आठवड्यात घेऊन येतो. शेवटचं पान आधी उघडाल, माहीत आहे. उघडा. आणि पुढच्या कृष्णाबाईला जयद्रथवध लावणार असाल तर आधी कळवा, रजा टाकावी लागते.

आपला,
नवव्या वर्षी पूर्वरंगात झोपलेला