स्त्रियांच्या श्रमसहभागाचा आकडा कोणत्या मापाने?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'पीएलएफएस' या सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या 2023-24 च्या अहवालात 15 वर्षांवरील स्त्रियांचा श्रमसहभाग (काम करणाऱ्या किंवा कामाच्या शोधात असलेल्यांचा वाटा) 41.7 टक्के आहे, तर एप्रिल 2025 च्या मासिक पत्रकात 34.2 टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'घट झाली' म्हणणे चूक आहे, कारण मापेच वेगळी आहेत. पहिल्यात मागचे 365 दिवस पाहतात आणि 30 दिवस किंवा अधिक केलेले जोडकामही धरतात. दुसऱ्यात फक्त मागचे सात दिवस : त्यात एखाद्या दिवशी तासभर तरी काम केले, काम शोधले किंवा कामाची तयारी होती, तर नोंद. वर्षात चाळीस दिवस भांगलणीला जाणारी बाई पहिल्या मापात कामकरी ठरते. त्या आठवड्यात शेतात काम नसेल आणि ती कामाच्या शोधातही नसेल, तर दुसऱ्यात ती गळते.

दुसरा मुद्दा वयाचा. 15 वर्षांवरील हिशेबात कॉलेजच्या मुली आणि सत्तरीच्या आज्ज्या दोघीही छेदात येतात. मुली जास्त शिकू लागल्या की दर उतरतो, आणि चांगली बातमी वाईट वाटू लागते. म्हणून 25 ते 54 या ऐन उमेदीच्या वयाचा दर वेगळा छापावा, ही आमची आग्रहाची विनंती. तो काढता येतो. सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर व्यक्तिनिहाय माहिती विनामूल्य आहे. 2023-24 साठी पहिल्या भेटीची फाइल घ्यावी, फेरभेटीच्या फाइलीत वर्षभराची स्थिती नसते. त्या वयाच्या स्त्रिया निवडाव्यात. मुख्य स्थितीचा (वर्षातला जास्त काळ ज्यात गेला तिचा) कोड 11 ते 51 (म्हणजे काम करणारी) किंवा 81 (म्हणजे काम शोधणारी किंवा कामाला तयार असलेली), अथवा जोडस्थितीचा 11 ते 51, अशा साऱ्या अंशात. प्रत्येकीला तिचा गुणक (नमुन्यातली ती एक लोकसंख्येतल्या किती जणींच्या वतीने आहे तो आकडा) लावून मगच भागाकार. गुणक विसरला तर दर कमी येतो, कारण नमुन्यात शहरी घरांचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त आहे आणि शहरात स्त्रियांचा सहभाग कमी. वय पाच-दहाच्या पटीत सांगायची सवयही इथे नडते : 'पंचवीस' सांगणारी आत येते, 'पंचावन्न' सांगणारी बाहेर जाते. आणि एका वर्षाच्या नमुन्यावरून एकट्या कोल्हापूर जिल्ह्याचा या वयोगटाचा दर काढू नये, तेवढ्या स्त्रिया त्यात नसतात.

पण खरी गफलत घराच्या उंबऱ्यावर होते. गोठ्यातले शेण, वैरण, धारा बाईच्या हातात; दूध संस्थेचे खाते नवऱ्याच्या नावावर. 'मालकीण काय करतात?' या प्रश्नाला 'घरीच असतात' हे उत्तर मिळते आणि कोड पडतो 92, म्हणजे निव्वळ घरकाम, श्रमशक्तीच्या बाहेर. तेच 'जनावरांचं कोण बघतं? डेअरीला दूध जातं का?' असे विचारले की तीच बाई 21 मध्ये, घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतनीस म्हणून, मोजली जाते. हुपरीत घरी बसून नगावर पैंजण जोडणारी, चपलांच्या वेण्या घालणारी कारागीर यांचा कोड 11 हवा, त्या स्वयंरोजगारी आहेत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात आणि उचल एकाच्या नावावर असते. नोंद मात्र दोन माणसांची, दोघांचीही मजूर म्हणूनच व्हायला हवी. बाईला नवऱ्याची मदतनीस ठरवणे हा तिच्या कष्टांवर अन्याय आहे.

2017-18 मधला 23.3 टक्के दर 41.7 वर गेला, याचा आनंद मानण्याआधी हेही पाहावे : 2023-24 मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांपैकी 36.7 टक्के याच 21 कोडच्या होत्या. कामाची नोंद झाली, पण हातात पैसा आला नाही. या दोन गोष्टी एका टक्केवारीत मिसळू नयेत.

तेव्हा बातमीसोबत वयोगट, संदर्भकाळ, ग्रामीण-शहरी फरक आणि 21 कोडचा वाटा एवढे चार तपशील छापावेत. आणि वाचक भगिनींनो, सर्वेक्षक दारात आले तर तुमच्या कामाची उत्तरे तुम्हीच द्या. हंगामी कामाचे दिवस महिन्यांनुसार आठवून सांगा, तीस भरले की ते जोडकाम म्हणून धरावेच लागते.

आपले,
अर्थशास्त्र व संख्याशास्त्राचे काही अध्यापक, कोल्हापूर