जादा दिव्यांची वायर अप्परवरूनच घ्या

माननीय संपादक महोदय,

कापूस निघायला लागला की आपल्याकडचे रस्ते रात्रीही वाहते असतात. जिनिंगच्या वाटेला लागलेल्या बंड्या (बैलगाड्या), मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या, जागलीला निघालेले शेतकरी, आणि वणी-मारेगाव-पांढरकवडा पट्ट्यात धुऱ्यावरून एकदम डांबरावर येणारी रानडुकरं नि रोही (नीलगायी). गाडीचा मूळ उजेड इथे कमी पडतो, म्हणून बोलेरो, पिकअप, काळी-पिवळी यांना समोर दोन जादा दिवे लावून घेतात. गरज खरी आहे. पण हे दिवे ज्या तऱ्हेने जोडले जातात, त्याने समोरून येणारा दुचाकीस्वार काही क्षण आंधळा होतो आणि त्याच क्षणांत त्याच्यापुढे बिनदिव्याची बंडी असू शकते. दोष दिव्यांपेक्षा जोडणीत जास्त आहे, आणि तो एका वायरची जागा बदलून जातो.

सर्रास होतं असं. बॅटरीवरून किंवा चावीच्या लाइनवरून वायर घेतात, डॅशबोर्डवर बटण बसवतात आणि तिथून सरळ दिव्यांना देतात. चालकाने डिप्पर दिला की मूळ हेडलाइट खाली जातो, जादा दिवे मात्र तसेच डोळ्यांवर. समोर गाडी आल्यावर वेगळं बटण चाचपायला हात मोकळा नसतो. म्हणून जादा दिव्यांचा रिले (बारीक करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) हेडलाइटच्या अप्परच्या, म्हणजे लांब झोताच्या, वायरवरूनच चालला पाहिजे. डिप्पर मारताक्षणी तेही विझले पाहिजेत. बटण हवंच, पण ते अप्परच्या पुढे, फक्त दिवे कायमचे बंद ठेवण्यासाठी.

दिवे घेण्याआधी एक तपासणी करावी, कारण पुष्कळ गाड्यांत त्यांची गरजच उरत नाही. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टीमीटर लावा, चौदाच्या आसपास व्होल्ट दिसेल. मग अप्पर लावून बल्बच्या होल्डरमागे मोजा. अर्ध्या व्होल्टाहून जास्त फरक असेल तर वायर, स्विच किंवा अर्थिंग खात आहे. हॅलोजनचा व्होल्ट दहा टक्के घटला की उजेड सुमारे तीस टक्के पडतो. जुन्या गाडीत आधी काच साफ करा, अर्थ घासून घट्ट करा, मूळ हेडलाइटलाच रिले बसवा. रस्ता बराचसा परत दिसू लागतो.

त्यानंतरही दिवे हवेच असतील तर कायदा आधी पाहावा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ प्रमाणे समोर स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. नियम १०६ प्रमाणे समोरचा झोत खाली वळलेला हवा: दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला तो दिपवता कामा नये. छपरावरचा लांब एलईडी बार या मोजमापात बसवणं अवघड आहे. तो लावूच नये. कोणते दिवे चालतील हे आरटीओत विचारून मगच पैसे घालावेत.

आता जोडणी. ५५ वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॉट, बारा व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर आणि चालत्या इंजिनवर दहाच्या आसपास. एवढा करंट डॅशबोर्डच्या बटणातून न्यायचा नसतो. बटण तापतं, आतले पॉइंट जळतात, प्लास्टिक वितळतं. त्यासाठी १२ व्होल्टचा, ३० किंवा ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले घ्या. बॅटरीच्या प्लसवरून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज, आणि ती वायर ३० नंबरच्या पिनेला. ८७ नंबरवरून तेवढ्याच जाडीची वायर पुढे, तिथे दोन फाटे करून दोन्ही दिव्यांना. ८६ नंबरवर अप्परच्या वायरमधून बटणामार्गे आलेली बारीक वायर, ८५ बॉडीला. रिलेची कॉइल फक्त ०.१५ ते ०.२ अँपिअर घेते, त्यामुळे बटण साधं आणि वायर पाऊण चौरस मिलिमीटरची पुरते. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं मायनस काढून ठेवावं, हे सांगण्याची गरज नसावी.

दुकानदार कधीकधी चारऐवजी पाच पिनांचा रिले देतो. मधली पाचवी पिन ८७ए. रिले बंद असतानाच तिच्यावर करंट असतो. दिवे चुकून तिला जोडले की डिप्परवर पेटतात आणि अप्परवर विझतात. वर ३० नंबर सरळ बॅटरीवर असल्याने गाडी उभी असतानाही ते चालूच राहतात आणि सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. ती पिन रिकामी ठेवून वरून इन्सुलेशन द्यावं.

दुसरी फसगत हेडलाइटच्या कपलरवर (बल्बमागच्या प्लगवर) होते. काही गाड्यांत अप्परच्या वायरला प्लस येत नाही. बल्बच्या सामाईक पिनेवर प्लस असतो आणि स्विच मायनस जोडतो. अशा गाडीत वरच्या रीतीने जोडलेला रिले अप्परवर ओढत नाही, उलट डिप्परवर ओढतो, आणि मिस्त्री रिले खराब म्हणून बदलत बसतो. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावून तीनही पिना पाहा. अप्पर लावल्यावर ज्या पिनेवर दिवा नव्याने लागतो ती अप्परची. सामाईक पिन सतत पेटत असेल तर गाडी मायनस स्विचची आहे. मग ८६ ला तो सामाईक प्लस द्यावा आणि ८५ बटणामार्गे अप्परच्या वायरला. नव्या गाड्यांत हेडलाइट संगणकीय मॉड्यूल चालवतं. तिथे वायर सोलून जोड मारला की रिले फडफडतो किंवा मॉड्यूल चूक नोंदवतं, आणि वॉरंटीचा वाद उभा राहतो. त्या गाडीला त्याच मॉडेलचं तयार हार्नेस (जोडलेल्या वायरींचा संच) घ्यावं.

वायरची पारख सांगतो. बाजारात जाड दिसणाऱ्या स्वस्त वायरीत तांबं कमी आणि प्लास्टिक जास्त असतं. काहींत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली तर ती परत करा. तीन मीटर लांबीत, दहा अँपिअरला अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये एक व्होल्टाहून जास्त गळतो, अडीचच्या वायरमध्ये पाव व्होल्टही नाही. फ्यूज उडाला म्हणून तिथे तांब्याची तार गुंडाळणं किंवा ३० अँपिअरचा फ्यूज ठोकणं तर कधीच करू नये. फ्यूज वायरला जपतो. तो मोठा केला की वायरच फ्यूज होते, आणि जळते ती बोनेटमध्ये.

आपल्या हवेचा विचार वेगळा करावा लागतो. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, बोनेटखाली त्याहून खूप जास्त. काळ्या चिकट टेपचा गोंद पघळून सुटतो आणि पिळलेला जोड उघडा पडतो. जोड क्रिंप करून (पक्कडीने दाबून) वर हीट श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी) द्यावी आणि सगळी वायर फ्लेक्झिबल पाइपमधून न्यावी. गोठ्याशेजारी किंवा धान्याजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदरांसाठीही तो पाइप हवाच. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट न बसवल्यास कंपनाने वायर कापली जाते. रिले पिना खाली करून लावावा, म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. अर्थिंगचं सांगायचं तर, बोल्टाखालचा रंग खरवडून, लग बसवून, वर ग्रीस लावल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. काळ्या मातीचा गारा वाळून बसतो, खाली गंज धरतो आणि एका पावसाळ्यात दिवा मंद होतो. मंद झाला म्हणून मालक शंभर वॉटचा बल्ब टाकतो. दोन बल्बांना सतरा अँपिअर लागतात, त्याला हा फ्यूज पुरत नाही, आणि प्लास्टिकचा रिफ्लेक्टर भाजून निघतो.

दिवे बसवल्यावर झोत लावायचा तो नेहमीचा माल भरून. पिकअपमध्ये कापसाची पोती भरली की मागचे पाटे बसतात, नाक वर उचललं जातं आणि रिकाम्या गाडीवर नीट लावलेला झोत थेट झाडांच्या शेंड्यांवर जातो. सपाट जागेवर भिंतीपासून ८ मीटरवर गाडी उभी करा, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खूण करा, आणि झोताचा सर्वांत तेजस्वी भाग त्या खुणेच्या आठ-दहा सेंटिमीटर खाली आणा. मग स्टॅंडचे नट चेकनटासह आवळा, नाहीतर पांदणीवरच्या पहिल्याच फेरीत झोत सरकतो. धुक्यासाठी हे दिवे उपयोगाचे नाहीत, धुक्यात अप्परचा उजेड परत आपल्याच डोळ्यांवर येतो. फॉग लॅम्प खाली, रुंद झोताचा आणि वेगळ्या रिलेवर असतो.

आमच्या दोन मागण्या आहेत. जादा दिवे विकणाऱ्या दुकानदारांनी रिले आणि फ्यूजसह हार्नेस दिल्याशिवाय दिवे विकू नयेत. आणि पासिंगच्या वेळी आरटीओने एवढंच करावं: अप्पर लावायला सांगावं, मग डिप्पर. जादा दिवे विझले नाहीत तर वायरिंग बदलून आणल्याशिवाय पासिंग देऊ नये. या तपासणीला अर्धा मिनिट लागत नाही.

आपले,
वणी तालुक्यातील काही ऑटो इलेक्ट्रिशियन
(जि. यवतमाळ)