भट्टी बदला, ब्रुन जपा

महोदय,

मुंबई उच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२५मधील आदेशामुळे बेकऱ्यांना लाकडाच्या भट्ट्या बदलणे भाग पडले. धूर जायलाच हवा. पण ब्रुनमस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक ब्रुन पाव, टिकवायचा तर कारागिरांना नव्या ओव्हनचे प्रशिक्षण द्या. विटांची भट्टी तळातून आणि छतातून सारखी तापते. पंख्याच्या ओव्हनमधला गरम वारा पावाचा वरचा थर आधीच वाळवतो, मग तो पुरता फुगत नाही, कडेला फाटतो. सुरुवातीची पाचेक मिनिटे वाफ, मग ती सोडून कोरडी आच दिली की ब्रुन कसा कडकडीत निघतो! वडापावाची लादी मात्र गरम असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नये. वाफ आत कोंडते, पाव ओलसर आणि चिवट होतो. हे गाड्यांवर सर्रास चालते.

– एक वाचक, गिरगाव