सुमे, विषय बदललाय माझा

प्रिय सुमे,

फोनवर तू खिदळलीस ना, "लीडरशिपमध्ये पीएचडी? ते आमच्या एचआरवाल्यांना करू दे की!", तेव्हा राग आलेला, आता माझं मलाच हसू येतंय. कोर्सवर्क झालं एकदाचं, 12 क्रेडिट, नोकरी सांभाळून, आणि शाळेतल्या लीडरशिपवर जे जे वाचलं त्यात मुख्याध्यापक म्हणजे केबिनवाला माणूस, व्हिजन ठरवणार, टीम घडवणार वगैरे. मग प्रश्नावली घेऊन गेले सुरगाण्याकडे, नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सकाळची एसटी पकडून, पुढे जीपने, आणि शाळेत विचारलं मुख्याध्यापक कुठायत, तर चौथीच्या पोरांचा भागाकार घेत असलेले सर खडू झटकत म्हणाले, "मीच. प्रभारी." दोनशिक्षकी शाळा गं, चार वर्ग, शेजारच्या खोलीत खिचडी शिजतेय.

घरी येऊन आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याची, अनुसूची काढली. 2009 च्या कायद्यातच आहे, प्राथमिकला 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक आणि वेगळा मुख्याध्यापक पट 150 च्या वर गेला तरच. डोंगरातल्या पाड्यावर दीडशे पोरं आणायची कुठून? म्हणजे मी ज्या पदावर थिसिस लिहायला निघाले ते पदच तिथे नाही!

शाळा व्यवस्थापन समितीचंही तेच, तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका, कागदावर झकास. पण द्राक्षाच्या छाटणीला आईबाप दिंडोरी-निफाडला गेले की मिटिंगला बसणार कोण? सर संध्याकाळी रजिस्टर घेऊन घरोघरी फिरतात, म्हाताऱ्यांशी बोलतात, कोणाचं पोर सोबत गेलं, कोणाचं आजीकडे राहिलं, सगळं तोंडपाठ. फुल्यांनी 1882 ला इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर कमिशनला सांगितलेलं ना, मास्तर शेतकऱ्यांतलेच हवेत, वेळ पडली तर नांगर धरता येणारे, ते मला तिथे आठवलं. सरांच्या घरी भातशेती आहे.

तर आता विषय हाच, मुख्याध्यापक नसलेली शाळा चालवतं कोण. गाइड आधी गप्प बसले, मग म्हणाले, टायटल बदलायचं तर कमिटीपुढे जावं लागेल, तयारी ठेवा. मुदत सहा वर्षं आहे म्हणा. आई म्हणते तोवर तुझी पोरगी दहावीला जाईल, आणि हिशोब बरोबर आहे तिचा, काय बोलणार.

प्रश्नावली सोबत पाठवतेय. व्हिजनवाले अकरा प्रश्न मीच खोडलेत, उरलेले तू वाच आणि जिथे एचआरचा वास येईल तिथे लाल पेन मार. मिसळ माझ्याकडून.

तुझीच,
मंजू